चांगुणाबाईच्या वाटणीचं लेमन

अहो, जरा सांभाळून उचला. मला हलवलं की गळ्यातली गोटी खुळखुळते आणि लोक म्हणतात, रिकामी आहे, म्हणून वाजतेय. रिकामी असेन, पण उगाच वाजत नाही. मला बोलायचं असतं.

मी लेमनची बाटली. जाड हिरवट काचेची, अंगानं भरलेली आणि गळ्याशी दोन्हीकडून चिमटा काढल्यासारखी दबलेली. तो चिमटा माझ्या रूपातला दोष समजू नका. ओतताना गोटी त्यात अडून राहते, म्हणून तर आतलं पेय बाहेर येतं. आता जिच्या गळ्यात जन्मापासून गोटी, तिनं बोलावं कधी आणि कसं? म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. आज ऐकणारं कुणीतरी भेटलंय, तर सगळं सांगूनच टाकते.

जन्म माझा परदेशातला. गाव विचारू नका, मला ठाऊक नाही. भट्टीची धग तेवढी आठवते. मग पेंढ्यात गुंडाळलं, खोक्यात घातलं, बोटीत चढवलं. वाटेत माझ्या शेजारच्या दोघी फुटल्या, त्यांचं अजून वाईट वाटतं. मुंबईला उतरले आणि तिथून आगगाडीनं थेट नगर जिल्ह्यात आले. बेलापूरच्या बाजारपेठेत शामकांत मुळे यांचं हॉटेल होतं. त्यांनी आम्हा सगळ्याजणींना विकत घेतलं.

पाटीवर नाव हॉटेल, पण खरं म्हणजे ती खाणावळच. पुढं टेबलं-खुर्च्या, मागं स्वयंपाकघर, आणि तिथं शामकांतरावांची बायको दमयंतीबाई सकाळपासून चुलीपुढं. त्यामागच्या पडवीत सोडावॉटरचं मशीन. ते चालवायचा आसाराम. वाढपी तोच, पाणक्या तोच आणि मशीनवालाही तोच. उंच, काटकुळा, मिशा मात्र हवालदाराच्या.

आसाराम आधी आमच्या पोटात साखरेचा पाक घालायचा. मग मुंबईहून आलेल्या शिशीतलं इसेन्स थेंबभर, मग पाणी. मग आम्हाला मशीनच्या चौकटीत अडकवून चाक गरागरा फिरवायचा आणि आत गॅस भरायचा. अहाहा! गॅस आत शिरला की अंगात असं काही यायचं म्हणता! गोटी वर जाऊन गळ्यातल्या रबराला घट्ट बसायची. मग आम्ही ओल्या पोत्याखाली गारव्याला पडून राहायचो आणि गिऱ्हाइकाची वाट बघायचो.

गिऱ्हाइकानं मागितलं की आसाराम लाकडी दट्ट्या घेऊन यायचा आणि गोटीवर तळहाताचा एक ठोका द्यायचा. ठॉक! आणि मग फस्स! सगळं हॉटेल वळून बघायचं. भाजीत हात तसाच ठेवून माणसं माझ्याकडं बघायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आता माझ्या किमतीचं सांगते, कारण माझी सगळी गोष्ट त्यात आहे.

एक्केचाळीस साली स्टेशनाबाहेरच्या हातगाडीवर लेमन एक आण्याला मिळायचं. आमच्या हॉटेलात दोन आणे. भरल्या ताटाला चार आणे पडायचे, म्हणजे मी अर्ध्या जेवणाएवढी. लोकांचे डोळे पांढरे व्हायचे. शाळेतले माधव मास्तर तर रोज भिंतीवरची पाटी वाचून म्हणायचे, "शामकांतराव, तेच पाणी, तीच साखर. मग गाडीवर एक आणा आणि तुमच्याकडे दोन, हा कुठला न्याय?"

"गाडीवर खुर्ची आहे का?" शामकांतराव गल्ल्यावरून विचारायचे. "टेबल आहे का? आसारामसारखा वाढपी आहे का?"

"आसारामचा एक आणा होय!" असं म्हणून मास्तर चहा मागवायचे.

इतकी वर्षं माणसं बघितली, पण जेवायला बसलेल्या माणसाची एक गंमत मला कायम दिसली. ताटाचा भाव तो निमूट देतो. भाजी जास्त मागून घेतो, आमटी तीनदा घेतो. पण माझा भाव ऐकला की त्याला आठवतं, आज आपला घसा बसलाय. कुणी म्हणतं, दात शिवशिवतात. कुणी म्हणतं, मला गोडच चालत नाही, आणि मागून दोन वाट्या बासुंदी हाणतं. मला राग नाही यायचा. उलट मी मनात म्हणायची, परवडत नाही ना? मग बघा नुसतं.

अशी माझी ऐट होती. ती उतरवली पुणतांब्याच्या चांगुणाबाईनं.

तिचा नवरा रंगनाथ. पुणतांब्याला गोदावरीच्या काठी त्याची थोडी जमीन आणि लिंबाची झाडं. उन्हाळ्यात लिंबाला भाव असतो, म्हणून तो रात्री गाडी जुंपून, पोती घेऊन बेलापूरच्या बाजाराला यायचा. एरवी एकटाच. पण आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या बाजाराला बरोबर चांगुणाबाई असायची. सणाला पितरांच्या नावानं पाणी भरून ठेवायचा मातीचा करा लागतो, तो तिला बेलापूरच्या कुंभाराचाच हवा. टिचकी मारून, कानाशी धरून ती तो पारखून घ्यायची. वर्षातून एकदाच तिला गावाबाहेर पडायला मिळायचं.

बाजाराची एक रीत होती. लिंबं विकून दिली की अडत्या शेतकऱ्याला हॉटेलात जेवण द्यायचा. ताट अडत्याकडून. लेमन मात्र ज्याचं त्यानं स्वतःच्या पैशानं घ्यायचं, ते अडत्याच्या हिशेबात नसायचं. त्यामुळं बहुतेक शेतकरी ताट चाटून-पुसून जेवायचे आणि तांब्याभर पाणी पिऊन उठायचे.

रंगनाथ पहिल्यांदा आला तेव्हा त्यानंही भाव विचारला.

"दोन आणे," आसाराम म्हणाला.

"दोन आनं?" रंगनाथ सगळा हिशेब लिंबातच करायचा. "म्हंजे चाळीस लिंबं झाली की! आन् मालक, ह्यात लिंबू कुटलं असतंय? हितलं का आमच्याकडलं?"

"कुठलंच नाही," शामकांतराव म्हणाले. "नाव लेमन. लिंबाचा थेंब नसतो त्यात. इसेन्स असतं."

रंगनाथ हसायला लागला. "आमी चाळीस लिंबं द्यायची आन् बिनलिंबाचं पानी प्यायचं! द्या, द्या. बायकू आलीया संगं. तिला बी दावू काय असतंय त्ये."

हे 'बायको आलीय' त्यानं असं म्हटलं, की मला तो माणूस तिथंच आवडला.

पण चांगुणाबाई आत आली नव्हती. बाईमाणसानं हॉटेलात बसायची पद्धत नव्हती. ती समोरच्या कडुनिंबाखाली गाडीशी बसली होती, बैलांजवळ, मांडीवर करा घेऊन. तिनं आपली भाकरी फडक्यात बांधून आणली होती, पण ती सोडलीही नव्हती. नवरा जेवल्याशिवाय ती तोंडात पाणी घ्यायची नाही.

"मग बाटली घेऊन जा की बाहेर," असं तुम्ही म्हणाल. तर तसं चालत नव्हतं. लढाई सुरू होती, परदेशातून नव्या बाटल्या येईनात. बंद बाटली घेऊन माणूस एकदा बाजारात घुसला, की बाटली गेलीच म्हणायची. म्हणून शामकांतरावांनी नियम केला होता, बाटली टेबलावरच फोडायची. फोडलेली हवी तर समोरच्या झाडापर्यंत न्या, आसाराम लक्ष ठेवील.

झालं. आसारामनं मला रंगनाथपुढं फोडलं. ठॉक, फस्स! रंगनाथनं दोन घोट घेतले, डोळे मिटले, नाक चोळलं आणि मला बाजूला ठेवून दिलं. तिसरा घोट घेतला नाही. हात पुढं आला, परत मागं घेतला. निम्म्याहून जास्त त्यानं तिच्यासाठी राखलं. मग तो जेवायला लागला. सावकाश, एकेक घास चावून. वरणभात, भाजी, पोळ्या, परत भात.

आणि मी उघड्या तोंडानं वैशाखाच्या उकाड्यात उभी. माझ्यातला एकेक बुडबुडा वर येत होता आणि फुटत होता. मी ओरडत होते, अरे बाबा, आटप, मी चाललेय! पण गळ्यात गोटी. कुणाला ऐकू जाणार?

तो हात धुऊन मला घेऊन बाहेर गेला, तोवर माझ्यात काही उरलं नव्हतं. कोमट, गोड पाणी.

"घे," रंगनाथ म्हणाला. "तुझ्या वाटणीचं हाय. लई म्हागाचं असतंय, समदं पी."

चांगुणाबाईनं पदर सावरला, तोंड वर करून पाण्यासारखी मला गटागटा प्याली. मी जीव टांगणीला लावून तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं ओठ पुसले. क्षणभर जरा गोंधळल्यासारखी दिसली, एवढ्यासाठी एवढे पैसे? पण रंगनाथ असा उत्सुकतेनं बघत होता, की ती चटकन म्हणाली, "लई ग्वाड हाय."

अगं बाई, ती मी नव्हे! मला असं वाटलं, की तिच्या हातातून सुटून दगडावर आपटावं. लोक मला बघायला माना वळवतात, आणि ही बाई माझं मढं पिऊन मला गोड म्हणून गेली. त्या दिवसापासून माझी एकच इच्छा राहिली. या बाईनं एकदा, एकदाच, मला खरी प्यावं.

दुसऱ्या वर्षी आखितीच्या आधी ती आली, नव्या कऱ्यासाठी. आणि तेच झालं. तिसऱ्या वर्षीही तेच. लेमन मागवणारे कमी आणि मी आसारामची लाडकी, त्यामुळं रंगनाथपुढं बहुतेक वेळा मीच यायची. तो दोन घोट घ्यायचा, निम्म्याहून जास्त राखायचा, सावकाश जेवायचा. वाईट एवढंच, की तो हे सगळं प्रेमानं करत होता. त्यात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

आणि दरवर्षी माझा भाव चढत होता. साखर रेशनवर गेली. गंमत बघा, वारा फिरला की बेलापूरभर साखर कारखान्याचा गोड वास पसरायचा, आणि हॉटेलात साखरेचा दाणा मिळायची मारामार. लेमन तीन आण्यांवर गेलं, मग चारावर. पाटीवरचा आकडा पुसून पुसून भिंतीचा चुना निघाला. माधव मास्तर आता पाटी वाचायचेही नाहीत, नुसते नमस्कार करायचे.

एका वर्षी पायरीवरचं बोलणं आत ऐकू आलं. चांगुणाबाई म्हणत होती, "अवं, औंदा ऱ्हाऊ द्या त्ये. चार आनं म्हंजे काय थोडं झालं? माझं काय अडलंय त्याच्यावाचून?"

"गप बस," रंगनाथ म्हणाला. "वर्सातनं एकदा म्या तुला काय देतो? लुगडं घ्यायला जमंना, डोरलं घ्यायला जमंना. येवढं एक तरी असू दे."

पुढं कधी तिनं नको म्हटलं नाही. कोमट पाणी प्यायची आणि म्हणायची, "लई ग्वाड हाय."

सगळ्यांत कठीण साल आलं ते सेहेचाळीस. लढाई संपली होती, पण महागाई संपेना. धान्यसुद्धा मोजून मिळायचं. अडत्यांनी शेतकऱ्यांना जेवण देणं बंद केलं. आखितीच्या आधीच्या बाजारी हॉटेलात चारदोनच माणसं होती. मी ओल्या पोत्याखाली पडून विचार करत होते, आज काही तो यायचा नाही. ताट नाही तर हॉटेलात यायचं कशाला?

पण आला. दारातच उभा राहिला. अंगातली बंडी घामानं भिजलेली.

"ये रंगनाथ, बस," शामकांतराव म्हणाले. "पण जेवण आता रोख पैशानं हं. अडत्याचं बंद झालंय."

"जेवान नगं मालक. भाकरी खाल्ली गाडीपाशी. लेमन कसं?"

शामकांतराव जरा अवघडले. "सहा आणे झालंय बाबा. साखर काळ्या बाजारातून घ्यावी लागते. मी तरी काय करू?"

"सा आनं!" रंगनाथनं मनात लिंबं मोजली असावीत, कारण त्याचे ओठ हलत होते. त्यानं वळून एकदा कडुनिंबाकडं पाहिलं. मग म्हणाला, "द्या येक."

आसारामनं माझ्याच गळ्याला धरून मला वर काढलं. ठॉक! फस्स! रंगनाथनं उभ्याउभ्याच दोन घोट घेतले, नाक चोळलं. आणि पुढं ताट नव्हतं. घास नव्हते. बसायचं काही कारणच नव्हतं. तो मला घेऊन तडक बाहेर निघाला.

माझ्या लक्षात आलं आणि माझं अंग फसफसून आलं. अजून माझ्यात जीव होता! निम्म्याहून जास्त जीव होता. आज कळणार हिला. आज ही म्हणणार, अगं बाई, लेमन लेमन म्हणतात ते हे होय!

"घे," रंगनाथ म्हणाला. "तुझ्या वाटणीचं."

चांगुणाबाईनं नेहमीसारखी मान मागं टाकली आणि पाण्यासारखा मोठा घोट घेतला.

पुढं काय झालं ते सांगताना मला अजून हसू येतं, आणि तेव्हा तर रडू आलं होतं. तिचे डोळे गरकन मोठे झाले. घोट नाकात गेला. ती शिंकली, खोकली, निम्मं पाणी पदरावर सांडलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "अगं आई गं! इंगळी डसली की वं!" बैलांनी दचकून माना वर केल्या.

"काय झालं? आगं, काय झालं?" रंगनाथ घाबरला.

"नासलंय ह्ये!" चांगुणाबाई म्हणाली. "चावतंय! घशात चावतंय, नाकात चावतंय. तुमाला भोळं बगून नासकं दिलंय त्यानं!"

नासकी? मी? जन्मात मला कुणी असं बोललं नव्हतं. आणि ती तिथंच थांबली नाही. बाजाराची गर्दी, समोर पुरुषमाणसं, कशाचीच तिला शुद्ध राहिली नाही. एका हातात करा, एका हातात मी, अशी ती ताडताड पायऱ्या चढून हॉटेलात शिरली. त्या हॉटेलात पाय ठेवलेली ती पहिली बाई.

"मालक, ह्ये काय दिलं तुमी?" तिनं मला दाणकन टेबलावर ठेवलं. "दरसाली पिते म्या ह्ये. मला का ठावं न्हाई लेमन कसं असतंय? गार न्हाई, गरम न्हाई, ग्वाड पान्यावानी गुमान पोटात जातंय. सा आनं मोजून घेता आन् नासकं देता व्हय गरिबाला? माझ्या मानसानं जेवान सोडून घेतलंय त्ये!"

शामकांतराव तोंड उघडून बघत राहिले. मग आसारामच्या मिशा हलल्या आणि तो खोकल्याचं निमित्त करून पडवीत पळाला. बाकीची माणसं हसायला लागली. माधव मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली. "अहो बाई, नासलं नाही ते. ते तसंच चावतं. त्या चावण्याचेच तर पैसे आहेत! बाकी काय, साखरेचं पाणी."

हशा आणखी वाढला. रंगनाथही तिच्यामागून आत आला होता, तोही हसत होता. "आगं येडे, नाकात झिनझिन्या येत्यातच की! म्हनून तर..."

आणि तो मधेच थांबला.

मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. हसू एकदम विरलं. "चांगुणे," तो हळू आवाजात म्हणाला, "आजवर तुला चावलं न्हाई कदी?"

"न्हाई."

"एकदाबी?"

"कशाला चावंल? तुमी द्यायचा त्ये बरं असायचं."

हॉटेलातलं हसणं आपोआप थांबलं. मास्तर पाटीकडं बघायला लागले. इतक्या वर्षांचं लेमन रंगनाथच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. आपण सावकाश जेवत होतो, आणि ते उघडं शेजारी उभं होतं. त्याचा चेहरा कुणी तोंडात मारल्यासारखा झाला.

आणि मी? मी टेबलावर उभी राहून ओरडत होते. अहो, बघत काय बसलात! इथं माझा बुडबुडा न् बुडबुडा चाललाय! चुटपुट नंतर लावून घ्या, आधी हिला पाजा! पण गळ्यात ती मेली गोटी.

माझं ऐकलं ते दमयंतीबाईंनी. म्हणजे ऐकलं कसं म्हणू, पण स्वयंपाकघराच्या दारात पीठभरल्या हातांनी त्या केव्हाच्या उभ्या होत्या आणि त्यांना सगळं समजलं होतं.

"अहो, विचारत काय बसलाय तिला?" त्या म्हणाल्या. "गॅस चाललाय तो सगळा. बसा हो बाई त्या खुर्चीवर. आधी प्या, मग भांडा."

चांगुणाबाई भानावर आली. चारी बाजूला पुरुष, आणि आपण मधे. तिनं पदर पुढं ओढला. "नगं बया. बाईमानसानं हाटेलात कुटं..."

"मग मी कोण आहे?" दमयंतीबाई म्हणाल्या. "मी रोज याच हॉटेलात असते की नाही? बसा तुम्ही."

"बैलं बाहीर येकली हायती."

"आसाराम! बैलांपाशी जा."

चांगुणाबाई खुर्चीच्या कडेला टेकली. करा मांडीवर घेतला. रंगनाथनं मला उचललं आणि स्वतः तिच्या हातात दिलं. "बारीक घोट घे," तो म्हणाला. "भिऊ नगंस. चावू दे."

तिनं डोळे मिटले आणि चिमणीएवढा घोट घेतला.

मी जेवढी उरले होते, तेवढी सगळी जीव एकवटून तिच्या जिभेवर उसळले. तिच्या नाकाचा शेंडा हलला. खांदे वर गेले. तिनं एक डोळा उघडला, रंगनाथकडं पाहिलं, परत मिटला. आणखी एक घोट. मग आणखी एक. आणि मग भर हॉटेलात तिला अशी मोठी ढेकर आली की मास्तरांच्या बशीतला चहा हलला म्हणायचा. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि हातांच्या आत ती हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अगं बया! नाकात मुंग्या नाचत्यात की वं!"

रंगनाथ तिच्याकडं नुसता बघत होता. मला वाटतं, त्या दिवशी तिला तिथं बघायला त्यानं शेतसुद्धा गहाण टाकलं असतं.

अगदी तळाशी दोन घोट राहिले तेव्हा ती थांबली. मला पदरानं पुसलं आणि त्याच्यापुढं केलं. "ह्ये तुमच्या वाटणीचं."

"पी की समदं."

"न्हाई. ठिवलंय तुमाला."

तो प्याला. तोवर मी पार निवले होते, माझा इलाज नव्हता. कोमट, गोड पाणी. त्यानं ते तोंडात घोळवलं आणि सावकाश गिळलं.

"ह्येच पीत हुतीस व्हय गं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आन् दरसाली म्हनायचीस, लई ग्वाड हाय?"

"ग्वाड हुतंच की," चांगुणाबाई म्हणाली. "तुमी ठिवलेलं हुतं."

मग ती उठली, करा कडेवर घेतला आणि बैलांकडं गेली. सहा आणे द्यायचे राहिलेत, याची आठवण रंगनाथला शामकांतरावांनीच करून दिली. त्यांनी एक आणासुद्धा कमी केला नाही, धंदा म्हणजे धंदा. पण दुपारी शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर दमयंतीबाईंनी आसारामला सांगितलं, "एक लेमन फोड रे माझ्यासाठी." त्या ते उभ्याउभ्याच प्याल्या. शामकांतराव गल्ल्यावरून बघत होते. इतकी वर्षं मशीन घरात होतं आणि बायकोनं एकदाही लेमन प्यायलं नव्हतं, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशीपासून ते स्वतःच तिला लेमन हवं का विचारायला लागले.

पुढच्या वर्षांत रंगनाथ आणि चांगुणाबाई आले की दोघं आत बसायचे. आधी ती प्यायची, मग तो. पहिल्यांदा लोक टकमका बघायचे, मग सवय झाली. तिचं बघून बाजाराला आलेल्या आणखी दोघीतिघी बायका कोपऱ्यातल्या टेबलाशी टेकायला लागल्या. भाव काही उतरला नाही. पण मला आता भावाची ऐट वाटेना. सहा आणे देऊन कोऱ्या चेहऱ्यानं पिऊन जाणारे मी पुष्कळ बघितले होते.

मग माझं वय झालं. गळ्यातलं रबर झिजलं, गॅस धरेना. तशात पत्र्याच्या टोपणाच्या नव्या सडपातळ बाटल्या आल्या. आसारामनं आम्हा जुन्या बाटल्यांना पोत्यात भरलं, फुटक्या काचेच्या भावानं द्यायला. त्या दिवशी नशिबानं बाजार होता आणि आखिती जवळ आली होती. चांगुणाबाईनं पोत्यातून मला ओळखलं. माझ्या खांद्याचा एक टवका उडालेला आहे ना, त्यावरून.

"मालक, ही मला द्या," ती म्हणाली.

"ने की. तिचा काय उपयोग?"

"फुकट नगं," रंगनाथ म्हणाला, आणि त्यानं शंभर लिंबं मोजून टेबलावर ओतली. इतकी किंमत मला उभ्या आयुष्यात कुणी दिली नव्हती, आणि तीही रिकामीला.

आता मी पुणतांब्यात आहे. चुलीशेजारच्या कोनाड्यात, आखितीच्या कऱ्याजवळ माझी जागा. इथं बोट नाही, मशीन नाही, कुणी माना वळवून बघत नाही. पण उन्हाळा लागला की चांगुणाबाई झाडावरची दोन लिंबं तोडते, गूळ चुरते, माठातलं पाणी घालते आणि सगळं माझ्यात भरते. जन्मभर लेमन म्हणवून घेतलं, पण खरं लिंबू माझ्या पोटात पडलं ते इथं आल्यावर.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. कधी हॉटेलात बसलात, भाव ऐकून डोळे पांढरे झाले आणि तरीही कुणासाठी एक बाटली मागवलीत, तर राखून ठेवू नका हो. बुडबुडे आहेत तोवरच त्या माणसाच्या हातात द्या. तुम्ही नंतर प्या. नंतरचंही गोड लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भर दुपारी रंगनाथ शेतातून येतो. चांगुणाबाई मला त्याच्यापुढं ठेवते आणि म्हणते, तुमी आदी. तो म्हणतो, न्हाई, तू आदी. ती म्हणते, तुमी उनातनं आलाय. तो म्हणतो, तू चुलीम्होरं हुतीस. रोजचं आहे हे. मी मधे उभी असते, उघड्या तोंडानं. पण आता माझ्यात उडून जाण्यासारखं काही नाही. भांडा म्हणावं सावकाश.